खाटेवाचून उपचार : व्यसनमुक्तीची बाह्यरुग्ण पद्धती

बंगळूर शहराच्या आग्नेयेस कोरमंगला नावाची वस्ती आहे. कचेऱ्या, वसतिगृहे, उपाहारगृहे आणि मद्यालये यांनी ती गजबजलेली असते. तिच्या कडेने होसूरकडे जाणारा मोठा रस्ता आहे. कोरमंगल्यातच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. हे महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले आणि रुग्णालय १९७५ साली उघडले. तेथून थोड्याच किलोमीटरांवर, होसूर रस्त्यावर, ‘निमहान्स’ या नावाने देशभर ओळखली जाणारी राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था आहे. १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि जुने सरकारी मनोरुग्णालय यांचे १९७४ मध्ये एकत्रीकरण होऊन ही संस्था अस्तित्वात आली. व्यसनांच्या उपचारांसाठी तेथे स्वतंत्र केंद्र आहे.

मद्य अथवा अन्य मादक द्रव्ये यांच्या पाशात सापडलेल्या माणसाला अशा ठिकाणी आणावयाचे म्हटले की घरच्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते : बंद दरवाजा, महिनोन्‌महिने घरापासून दूर वास्तव्य, बुडालेला रोजगार आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत होणारी चर्चा. या चित्राच्या भीतीनेच कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे थांबून राहतात. दुखणे अगदी हाताबाहेर गेल्यावर ती रुग्णालयाची पायरी चढतात. वस्तुस्थिती मात्र या चित्रापेक्षा पुष्कळच निराळी आहे. व्यसनाधीन माणसांपैकी अनेकांना खाटेची गरज लागत नाही. ती माणसे सकाळी येतात, डॉक्टरांशी आणि समुपदेशकांशी बोलतात, औषधे घेतात आणि संध्याकाळी आपल्या घरी असतात. या पद्धतीस बाह्यरुग्ण उपचार असे म्हणतात. तो उपचार कोणाला चालतो, कोणाला चालत नाही, त्यात नेमके काय केले जाते आणि त्याचे फळ काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्न केवढा मोठा आहे?

भारत सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून देशव्यापी पाहणी करविली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, असे तीत आढळले. त्यांपैकी सुमारे २.९ कोटी लोक मद्यावर पूर्णपणे अवलंबून होते. अफू, हेरॉईन आणि तत्सम वेदनाशामके या वर्गातील द्रव्यांमुळे ज्यांना मदतीची गरज होती अशांची संख्या सुमारे ७७ लाख भरली.

याहूनही विचार करावयास लावणारा आकडा उपचारांचा आहे. मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी अवघ्या एकाला कसला तरी उपचार मिळाला होता. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला मनुष्य तर दर १८० जणांत एकच होता. २.९ कोटी खाटा कोणताही देश पुरवू शकणार नाही. तेव्हा उरलेल्या ३७ जणांपर्यंत पोहोचावयाचे असेल, तर खाटेवाचून होणारा उपचार हा दुय्यम पर्याय मानून भागणार नाही. बहुसंख्यांसाठी तोच मुख्य मार्ग ठरतो.

या रोगाचा आर्थिक भारही थोडाथोडका नसतो. निमहान्समधील संशोधकांनी व्यसनमुक्ती विभागात दाखल झालेल्या ११३ रुग्णांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००० साली मांडले. या रुग्णांची सरासरी मिळकत महिना सुमारे १,६६० रुपये होती आणि मद्यावरील सरासरी खर्च महिना सुमारे १,९४० रुपये. मिळकतीपेक्षा व्यसनाचा खर्च अधिक, याचा अर्थ उरलेला पैसा कर्जातून किंवा घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी कष्टांतून येत होता. अशा घरातील कमावत्या माणसाला कित्येक आठवडे कामावरून दूर ठेवणे म्हणजे आधीच वाकलेल्या घरावर आणखी ओझे टाकणे होय. काम सुटू न देता उपचार करता येणे ही म्हणूनच केवळ सोयीची बाब नव्हे.

शरीराला लागलेली सवय

व्यसन म्हणजे मनाचा दुबळेपणा, ही समजूत जुनी आहे. शरीरविज्ञानाने तिला छेद दिला आहे. मेंदूत काही रसायने चेतापेशींना उत्तेजन देतात आणि काही त्यांना आवर घालतात. तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणे या दोहोंचा तोल राखलेला असतो. मद्य हे आवर घालणाऱ्या पारड्यात वजन टाकते. म्हणूनच ते घेतल्यावर प्रथम सैलपणा आणि पुढे गुंगी येते. हे वजन रोजच पडू लागले, की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उत्तेजनाच्या पारड्यात आपल्या बाजूने वजन वाढवीत जातो. त्यामुळे पूर्वीइतक्या मद्याने पूर्वीचा परिणाम होत नाही आणि मात्रा वाढवावी लागते.

आता अशा माणसाने एके दिवशी निश्चय करून मद्य एकदम बंद केले, तर काय होईल? पहिल्या पारड्यातील वजन एकाएकी उचलले जाते. दुसऱ्या पारड्यातील वजन मात्र तसेच राहते आणि तराजू धाडकन एका बाजूस कलंडतो. हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते, छातीत धडधड होते आणि जीव कासावीस होतो. यांनाच वियोगलक्षणे म्हणतात. दवाखान्यात त्यांना ‘विथड्रॉवल’ असे म्हटले जाते. सकाळी थरथरणारे हात एका घोटाने स्थिर होतात, याचे कारण हेच. असा मनुष्य मौजेसाठी पीत नसतो. शरीराचा तोल तात्पुरता सावरण्यासाठी पीत असतो.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक म्हणजे, नुसत्या शपथा घालून हा प्रश्न सुटत नाही. दुसरी त्याहून महत्त्वाची. दीर्घकाळ रोज पुष्कळ मद्य घेणाऱ्याने ते डॉक्टरांना न विचारता एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते. घरच्यांनी कोंडून ठेवून दारू सोडविण्याचे जे प्रयोग होतात, त्यांत हाच धोका असतो.

पहिली भेट

बाह्यरुग्ण विभागातील पहिल्या भेटीचा बहुतेक वेळ प्रश्न विचारण्यात जातो. किती वर्षे, किती प्रमाणात, दिवसाच्या कोणत्या वेळी, शेवटचा पेला कधी, पूर्वी कधी सोडली होती काय, सोडल्यावर काय झाले, असे ते प्रश्न असतात. याकामी जागतिक आरोग्य संघटनेने तयार करविलेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. ‘ऑडिट’ हे तिचे नाव. ४० पैकी ८ किंवा त्याहून अधिक गुण पडले तर पिणे धोक्याच्या पातळीवर आहे असे समजतात. २० किंवा अधिक गुण पडल्यास मद्यावलंबनाची शक्यता बळकट मानून पुढील तपासणी करतात. यकृताची तपासणी, रक्तदाब, नाडी आणि रक्तातील साखर पाहतात. झोप, उदासीनता व आत्महत्येचे विचार यांची विचारपूस करतात. सोबत पत्नी, आई अथवा भाऊ आलेला असेल तर त्यांचेही ऐकून घेतात.

या तपासणीतून एका प्रश्नाचे उत्तर काढावयाचे असते : या रुग्णाला घरी ठेवून उपचार करणे निर्धोक आहे काय? पुढील परिस्थितींत रुग्णालयात दाखल करणेच इष्ट ठरते.

१. पूर्वी मद्य सोडताना फेफरे आले असल्यास, किंवा भ्रम होऊन भलतेसलते दिसू लागले असल्यास.
२. यकृत, हृदय इत्यादींचा गंभीर विकार असल्यास, किंवा रुग्ण स्त्री गरोदर असल्यास.
३. आत्महत्येचे विचार अथवा तीव्र मानसिक आजार असल्यास.
४. मद्याबरोबर झोपेच्या गोळ्यांसारखी गुंगी आणणारी अन्य द्रव्येही नित्य घेतली जात असल्यास.
५. घरी लक्ष ठेवणारे जबाबदार माणूस नसल्यास, अथवा घरातच मद्याचा सहवास असल्यास.
६. बाह्यरुग्ण पद्धतीने केलेले प्रयत्न पूर्वी वारंवार फसले असल्यास.

यांपैकी काहीच नसेल आणि रुग्ण नियमाने येण्यास तयार असेल, तर उपचार घरी राहून होऊ शकतो.

पहिला आठवडा

मद्य थांबविल्यावर साधारणपणे सहा ते आठ तासांत हातांना कंप सुटतो. फेफरे येण्याचा धोका बहुधा पहिल्या दोन दिवसांत असतो. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही थोड्या रुग्णांना कंपासहित भ्रम होतो. त्यांना स्थळकाळाचे भान राहत नाही, ताप चढतो, भिंतीवर किडेमुंग्या दिसतात. वैद्यकात याला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. वेळेवर उपचार न झाल्यास ही अवस्था प्राणघातक ठरू शकते.

हा आठवडा सुखरूप पार पाडण्यासाठी डॉक्टर मेंदूला आवर घालणारे एक औषध देतात आणि त्याची मात्रा दररोज थोडी थोडी कमी करीत नेतात. यासाठी पुष्कळदा क्लोरडायझेपॉक्साईड वापरतात. १९६० साली बाजारात आलेले हे औषध आज सहा दशकांनंतरही उपयोगात आहे. यकृत दुबळे असेल तर लोराझेपाम अधिक सोयीचे असते. तराजूच्या रूपकात सांगावयाचे, तर मद्याचे वजन एकदम उचलण्याऐवजी त्या जागी औषधाचे वजन ठेवून ते हळूहळू उतरविले जाते. हे औषधही सवय लावणारे असल्याने ते केवळ काही दिवसांपुरते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. गोळ्या रुग्णाच्या हाती एकगठ्ठा न देता घरच्या माणसाकडे सोपवितात. ही औषधे चालू असताना मद्य घेणे अत्यंत धोक्याचे असते.

याच्या जोडीला थायामिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, देणे अगत्याचे असते. मद्याच्या आहारी गेलेल्या माणसाचे जेवण सुटलेले असते, आणि जे पोटात जाते त्यातील हे जीवनसत्त्वही शरीरात नीट शोषले जात नाही. त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा पोहोचून स्मरणशक्ती नष्ट होऊ शकते. मनुष्य गोंधळल्यासारखा वागू लागला, त्याची चाल अडखळू लागली किंवा डोळ्यांच्या हालचाली विचित्र दिसू लागल्या, तर ‘नशेत असेल’ म्हणून स्वस्थ न बसता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

घरी राहून हा आठवडा काढणे खरोखरच शक्य आहे काय, याची परीक्षा अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे झाली. सौम्य अथवा मध्यम वियोगलक्षणे असलेल्या १६४ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला रुग्णालयात ठेवले आणि दुसऱ्याला रोज येऊन औषध घेण्यास सांगितले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्णालयातील ९५ टक्के लोकांनी हा टप्पा पूर्ण केला. घरून येणाऱ्यांत हेच प्रमाण ७२ टक्के होते. म्हणजे प्रारंभी खाटेचा फायदा दिसला. सहा महिन्यांनी पाहता दोन्ही गटांच्या प्रकृतीत आणि मद्यपानात लक्षणीय फरक उरला नव्हता. खर्चात मात्र कितीतरी पटींचे अंतर होते. लंडनमध्येही ग्रिफिथ एडवर्ड्‌स यांनी ४० रुग्णांवर केलेल्या आणि १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत रुग्णालयात राहिलेल्यांना वर्षअखेर विशेष लाभ झाल्याचे आढळले नव्हते.

सोडल्यानंतरची औषधे

आठवडा संपला, हातांचा कंप थांबला, की घरच्यांना वाटते, उपचार संपला. वास्तविक तो येथे सुरू होतो. शरीरातून मद्य गेले तरी मेंदूतील ओढ शिल्लक असते. ती काबूत ठेवण्यासाठी तीन औषधे मुख्यत्वे वापरली जातात.

पहिले डायसल्फिराम. त्याचा शोध योगायोगाने लागला. कोपनहेगन येथील हाल्ड आणि याकोबसेन हे दोन संशोधक हे औषध पोटातील जंतांवर चालेल काय ते पाहत होते. गोळ्या त्यांनी स्वतःवरच घेऊन पाहिल्या, आणि त्यानंतर मद्य घेताच आपली प्रकृती बिघडते असे त्यांना आढळून आले. १९४८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष जाहीर केले. मद्याचे शरीरात प्रथम ॲसिटाल्डिहाईड या विषारी पदार्थात रूपांतर होते आणि मग त्याचा निचरा होतो. हा निचरा डायसल्फिराम रोखून धरते. त्यामुळे गोळी घेतलेल्याने मद्य घेतले, तर चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, उलट्या होतात आणि रक्तदाब खाली जातो. या त्रासाची जाणीव हेच त्या गोळीचे बळ. मनुष्य सकाळी एकदा गोळी घेतो आणि दिवसभरात शंभर वेळा करावयाच्या निश्चयातून मोकळा होतो. घरातील एखाद्याने ती डोळ्यांदेखत दिली तर तिचा उपयोग अधिक होतो.

येथेच एक गंभीर इशारा दिला पाहिजे. त्रस्त झालेली कुटुंबे कधी कधी ही गोळी रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळतात. असे कदापि करू नये. ज्याला माहीतच नाही तो मद्य घेणारच, आणि त्यातून उद्भवणारी प्रतिक्रिया प्राणावर बेतू शकते. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम सुमारे दोन आठवडे टिकू शकतो. खोकल्याच्या काही औषधांतही मद्यार्क असतो, हेही रुग्णाला ठाऊक असावे लागते. हृदयविकार अथवा यकृताचा तीव्र आजार असलेल्यांना हे औषध वर्ज्य आहे.

दुसरे औषध नाल्ट्रेक्सोन. मद्य घेतल्यावर जो आनंद वाटतो, त्याला हे बोथट करते. त्यामुळे एक पेला झाल्यावर दुसऱ्याची ओढ कमी होते. अमेरिकेत १९९४ साली मद्यपाशावरील औषध म्हणून याला मान्यता मिळाली. मात्र अफूवर्गातील द्रव्ये घेणाऱ्याला ते दिल्यास तीव्र वियोगलक्षणे उफाळून येतात, म्हणून आधी खात्री करून घ्यावी लागते. तिसरे औषध ॲकॅम्प्रोसेट. ढळलेला तोल सावरण्यास मेंदूला ते मदत करते असे समजले जाते. ते यकृतावर भार टाकत नाही, परंतु मूत्रपिंडे निकामी झालेल्यांना देता येत नाही. या औषधांपैकी एकही जादूची कांडी नव्हे. प्रत्येकाने काही रुग्णांना फायदा होतो आणि काहींना होत नाही. कोणते कोणाला द्यावे हे प्रकृती आणि घरची परिस्थिती पाहून ठरविले जाते.

अफू आणि हेरॉईन यांची गोष्ट

अफूवर्गातील द्रव्यांच्या बाबतीत बाह्यरुग्ण उपचाराचे महत्त्व आणखी ठळकपणे दिसून येते. न्यूयॉर्कमधील व्हिन्सेंट डोल आणि मेरी नायस्वांडर यांनी १९६५ साली एक धाडसी विचार मांडला. मधुमेह्याला जसे रोज इन्सुलिन देतात, तसे हेरॉईनच्या रुग्णाला रोज मोजून मेथॅडोन हे तोंडाने घ्यावयाचे औषध द्यावे, असा तो विचार होता. त्यामुळे वियोगलक्षणे थांबतात, सुई सुटते आणि मनुष्य कामधंद्याला लागतो. भारतात याकामी ब्यूप्रेनॉर्फिन हे जिभेखाली ठेवावयाचे औषध अधिक प्रचलित आहे. सुईद्वारे नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचा प्रसार होतो. तो रोखण्याच्या सरकारी कार्यक्रमातही ते दिले जाते.

‘एका नशेच्या जागी दुसरी नशा दिली’, असा आक्षेप या पद्धतीवर नेहमी घेतला जातो. परंतु दर चार-सहा तासांनी चढणारी आणि उतरणारी नशा, आणि दिवसभर स्थिर राहणारे मोजके औषध, यांत मोठा फरक आहे. पहिलीत मनुष्याचा सारा दिवस द्रव्य मिळविण्यात जातो. दुसऱ्यात तो दिवस त्याला परत मिळतो. शिवाय औषध अकाली बंद करण्यात एक छुपा धोका असतो. काही आठवडे द्रव्यापासून दूर राहिल्यावर शरीराची ते सोसण्याची शक्ती ओसरते. अशा वेळी मोह होऊन पूर्वीचीच मात्रा घेतली, तर श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो. म्हणून केवळ ‘शरीर स्वच्छ करून’ रुग्णाला पुढील उपचाराविना घरी पाठविणे धोक्याचे असते.

गांजावर असे कोणतेही मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. तेथे मुख्य भिस्त समुपदेशनावरच ठेवावी लागते.

बोलण्याने काय होते?

औषधाने तोल सावरतो, परंतु संध्याकाळी घराकडे जाताना वाटेत गुत्ता लागतोच. मित्र हाक मारतातच. पगाराचा दिवस, घरातील भांडण, एकटेपणा, एखाद्या लग्नाची वरात, ही प्रत्येकाची निरनिराळी निसरडी ठिकाणे असतात. समुपदेशक रुग्णाला उपदेश करीत नाही. तो त्याच्याकडूनच ही ठिकाणे काढून घेतो आणि त्या त्या वेळी काय करावयाचे याची आधीच तालीम करवितो. कोणत्या रस्त्याने जावे, पगार कोणाच्या हाती द्यावा, पेला पुढे आला तर नेमक्या कोणत्या शब्दांत नाही म्हणावे, इतक्या बारकाव्याने हे काम चालते. ओढीची लाट येते, चढते आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरते. तेवढा वेळ कसा काढावा, हे शिकता येते.

या कामी मोठी पदवी लागतेच असे नाही, हे गोव्यात सिद्ध झाले. ‘संगत’ ही संस्था तेथे १९९६ पासून मानसिक आरोग्याचे कार्य करीत आहे. तिच्यातील अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी व्यवसायाने डॉक्टर वा मानसतज्ज्ञ नसलेल्या सामान्य व्यक्तींना समुपदेशनाचे शिक्षण दिले आणि त्यांना दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले. अपायकारक प्रमाणात मद्य घेणाऱ्या ३७७ पुरुषांची तेथे तुलना करण्यात आली. काहींना नेहमीचेच उपचार मिळाले. काहींना त्यांखेरीज अर्ध्या-पाऊण तासाच्या जास्तीत जास्त चार बैठकी मिळाल्या.

निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर, मागील १४ दिवसांत मद्याला स्पर्शही न केलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के, तर इतरांत १८ टक्के होते. वर्षाअखेरीस धोक्याच्या पातळीखाली आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५४ आणि ३२ टक्के भरले. या यशाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जे पीतच राहिले त्यांचे प्रमाण घटल्याचे तीन महिन्यांनंतरच्या पाहणीत दिसले नाही, आणि मद्यावर पूर्ण अवलंबून असलेल्या रुग्णांसाठी ही योजना नव्हतीच. तरीही गावच्या आरोग्य केंद्रात, चार संभाषणांच्या बळावर एवढा बदल घडतो, ही साधी गोष्ट नव्हे. दुखणे वाढण्यापूर्वीच ते अडविण्याचा मार्ग त्यातून दिसतो.

पाठपुराव्याचे महत्त्व

महाराष्ट्रात व्यसनमुक्ती म्हटले की पुण्याचे ‘मुक्तांगण’ आठवते. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केले. तेथील उपचार सुमारे पाच आठवडे निवासी राहून घ्यावयाचा असतो. परंतु तेथेही घरी परतल्यावरच्या पाठपुराव्यावर मोठा भर असतो. यावरून निवासी आणि बाह्यरुग्ण या दोन पद्धती परस्परविरोधी नाहीत हे ध्यानी येईल. दाखल होऊन उपचार घेतलेला रुग्णही शेवटी बाह्यरुग्णच होतो. खरी परीक्षा दोघांचीही घराच्या उंबरठ्याबाहेरच असते.

बंगळुरातील अनुभव हेच सांगतो. निमहान्समधील प्रतिमा मूर्ती आणि सहकाऱ्यांनी शहरातील गरीब वस्त्यांतील मद्यपाशाच्या रुग्णांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या रुग्णांना उपचारानंतर आपल्या वस्तीतच दर आठवड्याला भरणाऱ्या दवाखान्याचा आधार मिळत राहिला, त्यांची स्थिती तसा आधार नसलेल्यांपेक्षा चांगली राहिली. दवाखाना जवळ असणे आणि कोणीतरी वाट पाहत असणे, या दोन साध्या गोष्टींचे मोल यावरून समजते.

पाठपुराव्याच्या काळात बहुतेकांचा पाय एखाद्या वेळी तरी घसरतो. तो दिवस कुटुंबाच्या कसोटीचा असतो. ‘शेवटी दारुड्या तो दारुड्याच’ असे म्हणून दार लावून घेतले, तर एका पेल्याचे रूपांतर महिन्याभराच्या पिण्यात होते. मधुमेह्याची साखर एकदा वाढली म्हणून कोणी उपचार सोडीत नाही. घसरण झाली तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जावे, ती कोठे आणि कशी झाली ते लपवून न ठेवता सांगावे आणि उपचारात योग्य तो बदल करून घ्यावा.

पत्नीचे आणि मुलांचे दुःख हाही उपचाराचाच विषय आहे. रुग्णाला मारहाणीची सवय असेल तर घरच्यांची सुरक्षितता प्रथम पाहिली पाहिजे. रुग्णाच्या वतीने मालकाशी खोटे बोलणे, त्याची कर्जे फेडीत राहणे, या प्रेमापोटी केलेल्या गोष्टींनी व्यसनालाच आधार मिळतो. हेही समुपदेशक घरच्यांना हळुवारपणे समजावून देतात.

कायदा काय म्हणतो?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मद्य आणि मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारांत समावेश केलेला आहे. त्यामुळे अशा रुग्णालाही सन्मानाने उपचार मिळविण्याचा हक्क आहे आणि साखळदंडाने बांधून ठेवणे कायद्याने निषिद्ध आहे. मादक द्रव्यांसंबंधीच्या १९८५ च्या कायद्यातील ६४-अ या कलमान्वये, अल्प प्रमाणातील द्रव्याच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार पुरा केला, तर खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांना ही माहिती असणे आवश्यक आहे.

पहिले पाऊल दूरध्वनीवरूनही उचलता येते. सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्ती मदतसेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून निमहान्स हे तिचे शीर्षकेंद्र आहे.

होसूर रस्त्यावरून संध्याकाळी घरी परतणाऱ्या गर्दीत सकाळी दवाखान्यात येऊन गेलेला रुग्णही असतो. त्याच्या खिशात औषधांची पुडी आणि पुढील भेटीची तारीख लिहिलेला कागद असतो. रस्त्यात मद्यालयांचे दिवेही लागलेले असतात. त्या दिव्यांवरून पुढे जाऊन तो घरी पोहोचला, की त्या दिवसाचा उपचार पुरा झाला. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता पुन्हा असतो. खाटेवरच्या उपचाराने हा रस्ता टळत नाही, फक्त काही काळ लांबणीवर पडतो. बाह्यरुग्ण उपचार रुग्णाला पहिल्या दिवसापासून त्याच रस्त्यावर चालावयास शिकवितो. ज्याची प्रकृती ते सोसू शकते त्याला त्यासाठी अधिक वाईट दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही.